क तुकडीचं घड्याळ

गेल्या शिक्षकदिनाला आमच्या शाळेच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोकडे बाईंचा फोटो आला. भोवती गुलाबाची फुलं, त्यामुळे आधी वाटलं, बाई गेल्याच. पण बाई धडधाकट आहेत, पळसदरीला घरी आहेत. कोपऱ्यात आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो होता. तो असल्याशिवाय आमच्याकडे दहाव्याचा फ्लेक्ससुद्धा लागत नाही. आणि खाली लिहिलं होतं, 'वक्तशीरपणाचा मूर्तिमंत आदर्श, आदरणीय रोकडे मॅडम.' त्यावर पटापट अंगठे नि फुलं पडली. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. वक्तशीर? रोकडे बाई? बाईंना एक दिवस जरी शाळेत येताना पाहिलेला माणूस असं लिहिणार नाही, आणि हे लिहिणाऱ्याने तर त्यांना वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

बाई रोज उशिरा यायच्या. रोज म्हणजे रोज. पळसदरीहून स्कूटरवर निघायच्या. खालापूरच्या अलीकडे आमची शाळा, रस्ता काही फार लांबचा नाही. पण वाटेत एखादं भांडण झाल्याशिवाय बाईंचा प्रवास पुरा होत नसे. वळणावर कुणी टेंपो उभा केलाय, थांबा, भांडा. कुणा फार्महाऊसवाल्याने वाडीच्या पाऊलवाटेवर कुंपण घातलंय, स्कूटर स्टँडला लावा आणि वॉचमनला विचारा, "हे कुणी ठरवलं?" तो बिचारा लांबच्या मुलखातला, त्याला मराठी कळायची नाही. मग तेच सगळं हिंदीतून. तोवर इकडे आमची प्रार्थना, प्रतिज्ञा, बातम्या सगळं उरकलेलं असायचं.

"हे कुणी ठरवलं?" हा बाईंचा पेटंट प्रश्न. बुटक्या, जाड चष्म्याच्या, पदर कायम कमरेला खोचलेला. गणित शिकवायच्या आणि पर्यवेक्षक होत्या. वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण राग आला की पळसदरीची बोली तोंडात यायची. त्यामुळे बाई 'आहे'वरून 'हाय'वर आल्या की शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे आपापल्या कामाला लागायचे.

हजेरीपटावर त्या जेव्हा आल्या तीच वेळ लिहायच्या. मुख्याध्यापक सावंत सर स्वतः केव्हाही येवोत, सही शाळा भरण्याच्या ठोक्यालाच करायचे. एकदा सलगीने म्हणाले, "बाई, कशाला खरी वेळ लिहिता? तपासणीत दिसतं ते." बाई म्हणाल्या, "उशीर माझा आहे सर. तो मीच लिहिणार. तुमचा तुम्ही लिहा." सरांनी त्यानंतर हा विषय काढला नाही.

तर बाईंना वेळेचं वेड वगैरे काही नव्हतं. कुणी उशिरा आलं म्हणून त्यांनी कधी एका पोराला उभं केलं नाही. त्यांचं भांडण वेगळं होतं, आणि ते समजायला आमची शाळा कशी आहे ते सांगायला हवं.

आमची मुख्य इमारत तीन मजली, सिमेंटची, गुलाबी. अ आणि ब तुकड्या तिथे. मैदानापलीकडे पत्र्याची शेड आहे. इमारत बांधताना तिच्यात सिमेंटच्या गोणी ठेवायचे; बांधकाम संपलं, गोणी गेल्या आणि सगळ्या इयत्तांच्या क तुकड्या आल्या. पोरं अजून तिला गोडाऊनच म्हणतात. क तुकडीत कोण, तर डोंगराखालच्या वाड्यांवरून चालत येणारी ठाकर-कातकऱ्यांची मुलं आणि ज्यांचे आईबाप शाळेत येऊन भांडू शकत नाहीत अशी बाकीची. असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. आपोआप होतं, असं सावंत सर म्हणायचे. इतकी वर्षं न चुकता आपोआप होतंय.

आठवीपर्यंतच्या मुलांना खिचडी मिळते. पातेलं मुख्य इमारतीतून निघून शेवटी शेडमध्ये पोचायचं, आणि तोवर तळाची खरवड उरायची. बाईंनी हे पाहिलं आणि एक दिवस स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. "आजपासून पातेलं तिकडून फिरवा." आचारीणबाई म्हणाल्या, "बाई, पन ते लांब हाय." "लांब तं दोनी बाजूंनी सारखंच हाय नं गं? मंग एक म्हैना तिकडनं, एक म्हैना इकडनं. हे कुनी ठरवलं, की मोठ्या इमारतीतनंच निघायचं?" पहिल्या महिन्यात खरवड अ तुकडीच्या वाट्याला आली आणि पालकांच्या तक्रारी आल्या. क तुकडीला ती वर्षानुवर्षं मिळत होती तेव्हा एकही आली नव्हती.

मग आली घड्याळं. रसायनीचा एक कारखाना बंद पडला आणि त्याचं सामान विकायला निघालं. आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे भाऊंनी, त्यातली घड्याळांची अख्खी व्यवस्था शाळेसाठी उचलली. भाऊ प्लॉटिंगच्या धंद्यातले. जुनं ते घ्यायचं, रंग द्यायचा नि उद्घाटन करायचं, ही त्यांची पद्धत. कारखान्यात ही घड्याळं सांभाळणारे घरत मिस्त्रीच बसवायला आले. त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं करून समजावलं. कार्यालयातल्या कपाटात एक मुख्य घड्याळ. वर्गांतली घड्याळं म्हणजे नुसते काटे नि तबकडी. त्यांना स्वतःला वेळ कळत नाही. मुख्य घड्याळ दर मिनिटाला तारेतून एक धक्का पाठवतं आणि अख्ख्या शाळेतले काटे एकदम, टक् करून, एक घर पुढे सरकतात. इमारतीची तार वेगळी, तिच्यावरच घंटा. शेडची तार वेगळी. दोघींना वेगवेगळे खटके.

"आनि एक ध्यानात ठेवा," मिस्त्री म्हणाले, "ह्या घड्यालांना मागं जाता येत नाय. एकांदं मागं रायलं, तं पुढं गेलेल्यांना थांबवायचं. मागचं येईस्तोवर. मंग समदी एकदम चालू."

हे शेवटचं ऐकायला बाई आणि मीच उरलो होतो. भाऊ नारळ फोडत होते. मग भाषणात म्हणाले, "आजपासून आपल्या शालेत एकच टाईम. गरीब-श्रीमंत, अ-ब-क, समद्यांना एकच टाईम!" टाळ्या पडल्या. रोकडे बाईंनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. त्यांना ही कल्पना मनापासून आवडली होती. कपाटाची किल्ली पर्यवेक्षक म्हणून त्यांच्याकडे आली, तर ती त्यांनी मंगळसूत्रात अडकवली. आल्या की उशिराची सही, मग कपाट उघडून काटे बघणं, मग मैदान ओलांडून शेडमधलं घड्याळ बघणं, आणि मग वर्ग. घड्याळ बरोबर आहे की नाही याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. दोन्हीकडे सारखं आहे का, एवढंच त्या बघायच्या.

मी एकदा विचारलं, एवढं काय त्या घड्याळात? बाई डब्यातली भाकरी मोडत म्हणाल्या, "आमचे अण्णा, म्हणजे वडील, लहानपणी शाळेत दाराबाहेर बसायचे. आतलं ऐकू यायचं, फळा दिसायचा नाही. आत दोन गणितं व्हायची तेव्हा बाहेर एक. मास्तर म्हणायचे, हा पोरगा मंद आहे." एवढंच बोलल्या आणि मला लोणचं वाढलं.

उन्हाळा लागला तसा शेडमधल्या घड्याळाचा रोग कळला. पत्र्याखाली पंखे लावले की आढं थरथरायचं, तारेचा जोड हलायचा आणि मधूनच एखादा धक्का घड्याळापर्यंत पोचायचाच नाही. सकाळी सारखं लावलेलं घड्याळ दुपारपर्यंत चांगलंच मागे पडायचं. मिस्त्रींनी सांगितलं, नवी तार ओढायला पायजे. भाऊ म्हणाले, "बघू, कमानीचं काम होऊ दे." शाळेच्या फाटकावर भाऊंच्या वडिलांच्या नावाची कमान चालली होती. सावंत सरांनी त्यावर तोडगा काढला: "परीक्षेपुरते शेडमधले पंखे बंद ठेवा." एप्रिल महिना, वर पत्रा, आणि आत नववी क! हवा पाहिजे की वेळ, काय ते एकच घ्या, असा हा न्याय. हा तोडगा सुचवणारा माणूस मुलांना विज्ञान शिकवत होता.

नववीची वार्षिक परीक्षा आमच्याकडे दहावीपेक्षा जीवघेणी. कारण आमचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागतो, बॅनरवर छापतो आम्ही. आणि तो कसा लागतो, तर नववीत गणितात अडकलेल्याला दाखला हातात देऊन 'बाहेरून फॉर्म भर' म्हणून वाटेला लावतो. वाडीवरच्या पोरीला बाहेरून म्हणजे काय, तर वीटभट्टी नाहीतर लग्न. एवढं सगळं त्या बीजगणित-भूमितीच्या दोन पेपरांवर होतं.

बीजगणिताच्या दिवशी नववी क ने भिंतीवरच्या घड्याळावर भरवसा ठेवला. अ तुकडीतल्या पोरांच्या मनगटावर घड्याळं असतात, गोडाऊनमध्ये भिंतच. शेवटची घंटा झाली आणि पर्यवेक्षणावरच्या सरांनी पेपर ओढून घेतले. पोरांच्या घड्याळात अजून भरपूर वेळ होता. कविता नावाची एक हुशार, अबोल मुलगी, डोंगराच्या कुशीतल्या वाडीवरची. ती मैदान ओलांडून स्टाफरूमच्या दाराशी आली. आत पाऊल टाकलं नाही.

"बाय, भितीवल्या घड्यालात येल व्हती. म्हून मी आखरीची गनितं नीट मांडाया घेतली. मंग पेपर का वढला?"

"घड्याळाकडे कशाला बघायचं?" कोपऱ्यातून सावंत सर म्हणाले. "घंटेकडे लक्ष द्यायचं."

"मंग घड्याल कशापायी लावलं हाय?" कविताने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

बाई उठल्या, चष्मा पुसला, आणि थेट भाऊंच्या केबिनमध्ये गेल्या. मी मागोमाग. क तुकडीचा पेपर पुन्हा घ्या, ते जमत नसेल तर तेवढा वेळ परत द्या, तेही नसेल तर भूमितीला पोरांना मोठ्या इमारतीत बसवा. भाऊंनी तिन्ही मागण्या ऐकल्या, मान हलवली, चहा मागवला. "मॅडम, समद्यांसाठी नियम एकच पायजे. आनि पोरांनी आपापली घड्यालं आनावीत ना. साधी गोष्ट हाय."

"तुमीच बोललाव ना, समद्यांना एकच टाईम?"

"ते भाषन होतं, मॅडम," भाऊ म्हणाले. अगदी प्रेमाने म्हणाले. त्यांचा प्रामाणिकपणा मला एकदाच दिसला, तो त्या दिवशी. सावंत सरांनीही लगेच कृती केली. शेडमधल्या घड्याळाच्या काचेवर एक कागद चिकटवला: 'हे घड्याळ बघू नये.'

भूमितीच्या पेपरला मी नववी अ वर होतो. तळमजला, खिडकीतून मैदान आणि पलीकडे शेड. पेपर संपायला थोडाच वेळ उरला असताना बाई शेडमधून निघून कार्यालयाकडे येताना दिसल्या. थोड्या वेळाने पुन्हा तेच मैदान ओलांडून शेडकडे निघाल्या. ऊन रणरणत होतं. एरवी त्या चालत नसत, पळत. पण आज पदर डोक्यावर घेऊन अगदी सावकाश, लग्नाला निघाल्यासारख्या चालल्या होत्या. मला नवल वाटलं. मग जाणवलं की वर्गात काहीतरी कमी आहे. दर मिनिटाचा तो टक् आवाज बराच वेळ आला नव्हता. मी वर पाहिलं. काटे थांबलेले.

एका मुलाने मनगट बघत हात वर केला. "सर, घड्याळ बंद पडलंय."

"लिही तू," मी म्हटलं. "घंटा झाल्याशिवाय पेपर संपत नाही. घंटेकडे लक्ष द्यायचं."

तो खूश होऊन लिहायला लागला. आणि गंमत बघा, त्याच वेळी भाऊ व्हरांड्यातून फेरी मारत आले. कमान बघायला पाहुणे यायचे होते, त्यांना घाई होती. त्यांनी आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग आपल्या मनगटावरच्या जाडजूड घड्याळाकडे. पुन्हा भिंतीकडे. मग शेजारच्या वर्गात डोकावून पाहिलं. तिथेही तेच. दोन वर्ग एकच वेळ दाखवताहेत म्हटल्यावर भाऊंची खात्री पटली, आणि त्यांनी आपलं घड्याळ काढून काटे मागे घेतले. मी खडू शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकलो.

तिकडे शेडमध्ये काय चाललंय ते मला नंतर कविताने सांगितलं. बाई आल्या, बाकावर चढून घड्याळावरचा कागद सरळ फाडून काढला आणि सगळ्यांत मागच्या बाकाजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "घड्याळाकडं बघा आणि सावकाश लिहा. तो टाईम तुमचाच हाय." पंखे चालूच होते. शेडचं घड्याळ धक्के खात, मधले गाळत, हळूहळू मोठ्या इमारतीच्या थांबलेल्या काट्यांपर्यंत आलं. तेव्हा बाई परत मैदान ओलांडून कार्यालयात आल्या आणि इमारतीचा खटका पुन्हा चालू केला. आमच्या डोक्यावर टक् झालं, काटा सरकला, आणि काही वेळाने शाळाभर घंटा वाजली. अख्खी गुलाबी इमारत नववी क साठी थांबली होती. इमारतीला ते कळलंसुद्धा नव्हतं.

भाऊंना कळलं, कारण पाहुणे कमानीखाली ताटकळून निघून गेले. मग चौकशी. केबिनमध्ये भाऊ, सावंत सर, बाई आणि साक्षीला मी.

"मॅडम, तुमी शालेचं घड्याल बंद पाडलं?"

"हो."

"कशापायी?"

"मागचं येईपर्यंत पुढच्यांनी थांबायचं असतं. मिस्त्रींनी सांगितलं होतं. तुम्ही नारळ फोडत होता."

सावंत सर म्हणाले, "पण बाई, अ आणि ब च्या मुलांनाही जास्त वेळ मिळाला! हा गैरप्रकार आहे."

"मिळाला नं? मंग तक्रार कोनाची हाय?"

तक्रार कुणाचीच नव्हती. तरी शिक्षा झाली. बाईंचं पर्यवेक्षकपद काढलं, किल्ली परत घेतली आणि निवृत्तीपर्यंत क तुकडीचं वर्गशिक्षकपद दिलं. सावंत सरांनी निर्णय वाचून दाखवला तेव्हा बाई मोठ्याने हसल्या. रागाने हसणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "म्हंजे तिथं बसनं ही शिक्षा हाय हे तुमालाबी म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "मंग त्या पोरांनी कंचा गुन्हा केला?"

ज्या यंत्राने भर व्हरांड्यात आपल्याला काटे मागे घ्यायला लावले ते भाऊंना डोळ्यांसमोर नको झालं. सगळी घड्याळं उतरवली. मुख्य इमारतीत सेलवरची नवी आली, प्रत्येक वर्गात वेगळी वेळ दाखवणारी. शेडमध्ये काहीच आलं नाही. खिळा तेवढा राहिला. कविता आणि जवळजवळ सगळी नववी क दहावीत गेली. पुढच्या वर्षी दहावीत कविता पास झाली, दोघं-तिघं नापास झाले आणि बॅनर लागला नाही. भाऊ हळहळले. बाई म्हणाल्या, "पोरं आपल्या शाळेत, आपल्या बाकावर बसून नापास झाली. तेवढाही हक्क नको का त्यांना?"

त्यानंतर लवकरच बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला मांडव, खुर्च्या, भाषणं. 'वक्तशीर' हा शब्द तेव्हाच निघाला. सावंत सरांनी काढला, निर्लज्जपणे. आणि भेट काय दिली असेल? भिंतीवरचं घड्याळ. तबकडीवर भाऊंचा फोटो, काटे त्यांच्या नाकातून निघालेले. माझ्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. बाईंनी मात्र खोकं तिथेच उघडलं, घड्याळ उलटं केलं, आणि सेल नाही हे पाहिलं. मग माईक हातात घेतला. "मला जे बोलायचं होतं ते मी वेळोवेळी बोलले आहे," एवढंच म्हणाल्या, माईकचं बूड फिरवलं, आतला एक सेल काढला आणि घड्याळ घेऊन खाली उतरल्या. भाऊंचं भाषण अजून व्हायचं होतं. ते त्यांना ओरडून करावं लागलं.

मी बाईंच्या मागे गेलो. त्या शेडमध्ये शिरल्या, बाक भिंतीशी ओढला, चपला काढून वर चढल्या.

"सर, किती वाजले?"

मी खिशातून फोन काढला.

"फोनमधलं नको. मोठ्या इमारतीत बघा. नववी अ मध्ये."

"बाई, ते घड्याळ पुढे आहे."

"असू दे. चुकीचं असलं तं चालंल. पन तेच पायजे."

मी मैदान ओलांडून गेलो, नववी अ च्या भिंतीवर बघितलं आणि व्हरांड्यातून ओरडून वेळ सांगितली. शेडच्या दारातून बाई दिसत होत्या. बाकावर उभ्या, पदर खोचलेला, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हाताने मागची चकती फिरवताहेत. मांडवातून भाऊंचा बसलेला आवाज येत होता. बाईंनी घड्याळ खिळ्याला अडकवलं, जरा मागे वाकून पाहिलं, आणि तिथूनच मला हाक मारली.

"सर, आता दोनीकडं सारखं हाय का?"

मी पुन्हा आत जाऊन बघून आलो, आणि हात वर केला.